बसथांब्यावरचे बाबा

३ फेब्रुवारी

प्रिय छोट्या,

आधी हे सांगते : बाबा घरीच आहेत. आत्ता माझ्यासमोर खुर्चीत बसून मापाच्या टेपची गुंडाळी करतायत, सोडतायत, परत करतायत. त्यांना मी कुठेही ठेवलेलं नाही.

हे पहिल्याच ओळीत लिहावं लागतंय, कारण आत्याने तुलाही फोन केला असणार. मला केला तेव्हा तिने हॅलो म्हणायचीही उसंत दिली नाही. "बापाला टाकलंस ते टाकलंस, वर त्याची जाहिरात करतेस?" मी म्हटलं, "कसली जाहिरात, आत्या?" तर म्हणाली, "मला वेड्यात काढू नकोस, तुमच्याच बसथांब्यावर लागलीय." आणि फोन ठेवून दिला.

मी होते तशी खाली उतरले. औषधांच्या दुकानासमोरचा थांबा आठवतो ना, तिथे काचेच्या मागे बाबा आहेत. माणसाएवढ्या उंचीचे. अंगात राखाडी कोट, उलटा घातलेला, अस्तर बाहेर, आणि ते खिडकीजवळ उभे राहून हसतायत. तू गेल्या खेपेला काढलेला फोटो. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "बाबा आता कोट उलटा घालत नाहीत. कारण आता त्यांच्याजवळ आम्ही आहोत." त्याखाली एका वृद्धनिवासाचं नाव आणि फोन नंबर.

बाजूला दोघीजणी बसची वाट बघत बसल्या होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "किती गोड आहेत गं." मी तिथून निघून आले.

छोट्या, तुझं-माझं भांडण मला उकरायचं नाही. बाबांच्या विसरण्यावरचा माझा लेख मासिकात छापून आला तेव्हा तू म्हणालास, बाबांना मी चव्हाट्यावर आणलं. मी म्हटलं, त्यांच्याबद्दल एवढ्या प्रेमाने कुणी लिहिलंय का. तू म्हणालास, ते कोट वेडेपणाने उलटा घालत नव्हते, शिवण तपासत होते, आणि तुला एवढंही कळत नाही. मी म्हटलं, जो वर्षातून एकदा येतो त्याने मला शिकवू नये. त्यानंतर तू फोन उचलणं सोडलंस, मेसेजवरही मला बंद केलंस. ते सगळं असू दे. पण ही जाहिरात मी दिलेली नाही. ती कुणी दिली, कशी दिली, मला माहीत नाही. उद्या शोधून काढते.

तुझ्या घरमालकिणीच्या पत्त्यावर हे पाठवतेय. तू जहाजं बांधतोस त्या गोदीचा पत्ता माझ्याकडे नाही.

ताई


११ फेब्रुवारी

प्रिय छोट्या,

मासिकाच्या ऑफिसात जाऊन आले. बाबांना तेवढ्यापुरतं शेजारच्या शिक्षिकाबाईंकडे बसवलं.

इतकी वर्षं मी लिहितेय, पण कुठल्याही संपादकाला प्रत्यक्ष भेटायची ही माझी दुसरी-तिसरी वेळ. आमचं काम असं असतं की आपण लेख पाठवायचा आणि दारात उभं राहिल्यासारखं थांबायचं. हा लेखही आधी दोन ठिकाणांहून परत आला होता. एकाने लिहिलं, छान आहे पण आमच्या वाचकांना जड होईल. दुसऱ्याने काहीच लिहिलं नाही. या मासिकाने मात्र त्याच दिवशी उत्तर दिलं, "लेख आवडला. बाबांचा एखादा फोटो असल्यास पाठवा. सोबतचा फॉर्म भरून द्या, लगेच या अंकात घेतो."

संपादिका माझ्यापेक्षा वयाने लहान आहे. चांगली आहे, असं म्हणावं लागेल. तिने पाणी दिलं, माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी विचारलं, "माझा लेख तुम्ही जाहिरातवाल्यांना कसा दिला?"

"आम्ही म्हणजे संपादन विभागाने नाही दिला," ती म्हणाली. "वरचा एक विभाग आहे. आमच्याकडचं साहित्य दुसऱ्या कंपन्यांना वापरायला देणं हे त्यांचं काम."

"पण लेख माझा आहे."

ती थोडी अवघडली. मग तिने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. माझाच फॉर्म होता. तिने बोट ठेवून दाखवलं. लेख व सोबतचे छायाचित्र यांचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, सर्व काळासाठी, बदल करण्याच्या व इतरांना देण्याच्या अधिकारासह, मी प्रकाशकांच्या स्वाधीन करत आहे. खाली माझी सही. सही म्हणजे फोनच्या पडद्यावर बोटाने ओढलेली रेघोटी.

"मला वाटलं होतं, एकदा छापायचा हक्क," मी म्हटलं. "पूर्वी तसंच असायचं. तुम्ही एकदा छापायचं, मग लेख परत माझा."

"पूर्वी असायचं," ती म्हणाली. "पण ताई, हा फॉर्म आम्ही सगळ्यांनाच पाठवतो. खरं सांगू? काही लोक ती ओळ खोडून पाठवतात. आम्ही तेही घेतो."

हे ऐकून माझं काय झालं ते तुला कसं सांगू. खोडता आली असती. नुसती खोडता आली असती.

तो फॉर्म आला तेव्हाचा दिवस आठवतो मला. बाबांनी न्हाणीघराचा नळ सोडला होता आणि आतून कडी लावली होती. मी एका हाताने दार वाजवत होते, एका हाताने फोनवर पुढे पुढे सरकवत होते. खाली हिरवं बटण आलं, ते दाबलं. दार उघडलं तेव्हा बाबा कोरडे ठणठणीत, बादलीकडे बघत उभे होते.

निघताना संपादिका म्हणाली, "लेखातले शब्द त्यांनी वापरलेच नाहीत खरं तर. कल्पना आणि फोटो, एवढंच घेतलंय." ती समजूत घालायला म्हणाली, पण मला ते जास्तच लागलं.

तू म्हणशील, बरं झालं. म्हण.

ताई


२० फेब्रुवारी

प्रिय छोट्या,

एका वकीलबाईंकडे जाऊन आले. लेखक, चित्रकार, गाणारे यांची भांडणं त्या सोडवतात. त्यांची खोली एका छापखान्याच्या वर आहे. खाली यंत्र सुरू झालं की टेबलावरचा चहा थरथरतो आणि त्या बोलायच्या थांबतात.

त्यांनी फॉर्म दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "लेख तुम्ही देऊन टाकलाय. पुस्तकात घ्यायचा झाला तरी आता त्यांना विचारावं लागेल. तुमचं लेखन विकृत केलं म्हणून भांडता येईल, पण त्याला काळ जाईल, आणि जाहिरातीत तुमचे शब्द जवळजवळ नाहीतच. कोट उलटा घालणं ही झाली गोष्ट. गोष्टीवर कुणाचाच हक्क नसतो, ती कशी लिहिली त्यावर असतो."

"आणि बाबा?" मी विचारलं. "त्यांना न विचारता त्यांचा फोटो लावलाय. ते तिथे राहतात असं खोटं लिहिलंय."

"तो मुद्दा भक्कम आहे. पण कागदावर घरच्यांची संमती आहे, तुमचीच. बाबा स्वतः येऊन सांगू शकतील?"

मी नकारार्थी मान हलवली. खाली यंत्र सुरू झालं. ते थांबल्यावर त्यांनी विचारलं, "फोटो कुणी काढला?"

"माझ्या भावाने."

"त्याने काही लिहून दिलंय? तुम्हाला, त्यांना, कुणालाही?"

"नाही. त्याने माझ्या फोनवर पाठवला होता, असाच."

त्या पहिल्यांदा हसल्या. "मग तो फोटो तुमचा नव्हताच. फोनवर आला म्हणून तुमचा होत नाही. ज्याने काढला त्याचा. तुम्ही तो देऊ शकत नव्हता, त्यांना तो मिळालेलाच नाही, आणि जाहिरातवाल्यांना तर मुळीच नाही. भावाला एक पत्र लिहायला सांगा. सगळ्या शहरातून पोस्टर उतरतील."

म्हणजे असं आहे, छोट्या. मला काहीही करता येत नाही आणि तुला सगळं करता येतं. वकीलबाईंनी मजकूर तयार करून दिलाय, तो सोबत जोडलाय. त्यावर नाव घाल, सही कर, आणि फोटोची मूळ मोठी प्रत तुझ्या कॅमेऱ्यात असेल ती त्यांच्या पत्त्यावर पाठव. माझ्याशी बोलायची गरज नाही. मला उत्तरही देऊ नकोस.

ताई


६ मार्च

प्रिय छोट्या,

तुझ्याकडून काही आलं नाही. वकीलबाईंना विचारलं, त्यांच्याकडेही नाही. पत्र पोचलं नसेल असं मी स्वतःला दोन-चार दिवस सांगून पाहिलं.

आज जे झालं ते तुला कळायला हवं म्हणून लिहितेय.

बसथांब्याकडून मी बाबांना नेतच नव्हते. मागच्या गल्लीने वळसा घालून जायचो. आज डॉक्टरांची वेळ होती, मागची गल्ली पाइपसाठी खणलेली. मी म्हटलं, पटकन पुढे काढू, मीच मध्ये राहीन. पण बाबा थांब्यापाशी थांबले. काचेसमोर जाऊन उभे राहिले आणि वरपासून खालपर्यंत बघायला लागले. मला वाटलं, आता ओळखतील. त्यांनी ओळखलंही, पण स्वतःला नाही.

"हा कोट मी शिवलाय," ते म्हणाले.

"हो बाबा. चला, डॉक्टर थांबलेत."

"खांद्याची शिवण बघ. ही माझीच." काचेवर बोट ठेवून ते शिवणीवरून नेत होते. "हा माणूस कोण?"

मी त्यांची बाही ओढली.

"गिऱ्हाईक दिसत नाही. मापाला आलेला आठवत नाही मला." मग ते माझ्याकडे वळले आणि अगदी दुकानातल्या आवाजात म्हणाले, "अस्तर बसलंय का ते बघायला मी कोट उलटा घालतो. ते कारागिराने करायचं असतं. हा तसाच घालून फोटोला उभा राहिलाय. त्याला सांग, कोट काढ आणि परत दे."

तू हेच म्हणाला होतास. शब्दही जवळजवळ हेच.

मी त्यांचा हात धरला, तर त्यांनी सोडवून घेतला. काचेवर थाप मारली. "ए, काढ तो कोट." माणसं जमली. एक बस आली, दार उघडून उभी राहिली, कुणी चढेना. कुणीतरी म्हणालं, "अरे, हे तेच आहेत, पोस्टरमधले." आणि एकाने फोन वर धरला. बाबा काच बडवत होते. चोरीचा माल अंगावर घालून रस्त्यात उभा राहतोस, लाज वाटत नाही का, असं त्या हसणाऱ्या माणसाला विचारत होते. काच फुटली नाही. त्यांच्या बोटाचं साल तेवढं निघालं. शेवटी मी माझी शाल काचेच्या चौकटीत खोचून त्या चेहऱ्यावर टाकली तेव्हा ते थांबले. "गेला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गेला.

घरी आल्यावर त्यांना काही आठवत नव्हतं. बोटाकडे बघून म्हणाले, "सुई लागली वाटतं."

आता एक गोष्ट, जी मी मागच्या पत्रात लिहिली नाही. वकीलबाईंनी मला ती सांगितली होती. फॉर्ममध्ये आणखी एक कलम आहे : छायाचित्र माझे स्वतःचे आहे, यावर दुसऱ्या कुणाचा दावा आल्यास सर्व जबाबदारी माझी. त्यावरही माझी सही आहे. म्हणजे तू दावा केलास की मासिक माझ्यावर येणार. त्या प्रकाशन समूहाची सहा-सात मासिकं आहेत, आणि माझं निम्मं काम तिथलंच. वकीलबाई म्हणाल्या होत्या, "हे भावाला सांगून मगच सही घ्या." मी नाही सांगितलं. वाटलं, तू माझ्यावरच्या रागाने सही करशील, किंवा माझी दया येऊन करणार नाहीस. मला दोन्ही नको होतं.

आता सांगितलं. तरीही सही कर. मासिकाला लिहिताना वकीलबाईंनी तुला माझ्याबद्दल विचारलं, तर जे खरं असेल तेच लिही. मला वाचवायला जाऊ नकोस.

ताई


२७ मार्च

छोट्या,

पोस्टर उतरलं. सकाळी खाली गेले तर एक माणूस शिडीवर उभा राहून ते गुंडाळत होता. त्या जागी आता चष्म्यांची जाहिरात आहे. मी त्याला विचारलं, "हे सगळीकडचं काढताय का?" तो म्हणाला, "सगळीकडचं. वरून ऑर्डर आहे. काय भानगड आहे कुणास ठाऊक."

दुपारी वकीलबाईंनी बोलावून तुझं पत्र दाखवलं. त्यांनी दिलेला मजकूर तू वापरलाच नाहीस. हाताने लिहिलंस. तुझं अक्षर अजून शाळेतलंच आहे, ओळ शेवटी वर चढते.

मी ते तिथेच उभ्याने वाचलं. "हा फोटो मी काढला आहे. यातले गृहस्थ माझे वडील आहेत. ते कोट शिवणारे कारागीर आहेत आणि फोटोत ते अस्तर तपासत आहेत. ते आजारी आहेत, पण ते त्यांच्या मुलीजवळ त्यांच्या स्वतःच्या घरी राहतात. तुमच्याकडे ते कधीही नव्हते." आणि मग, "माझ्या बहिणीने मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो."

वकीलबाई माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "हे शेवटचं वाक्य काढायला सांगता आलं असतं."

मी म्हटलं, "नको. बरोबर आहे ते."

मासिकाचं पत्र लगेच आलं. लेख त्यांनी त्यांच्या साइटवरून काढून टाकलाय, आणि यापुढे समूहाच्या कुठल्याही अंकात माझं लेखन घेतलं जाणार नाही. नुकसानीबद्दल काय ते त्यांचे वकील आणि आमच्या बाई बोलतायत. बाईंना वाटतं ते फार ताणणार नाहीत, कारण वृद्धनिवासवाल्यांनी छापलेला मजकूर धडधडीत खोटा होता आणि तो पेपरात यावा असं कुणालाच वाटत नाही. संपादिकेने मात्र स्वतःच्या फोनवरून दोन ओळी पाठवल्या. "वाईट वाटलं. तुमच्यासारख्यांना आम्ही ती ओळ दाखवून द्यायला हवी होती."

आत्याला कळलंय. ती म्हणाली, "मला आधी नीट सांगायला काय झालं होतं?"

तुझे आभार मानावेत की कसं, तेच कळत नाही. तू माझ्यासाठी केलं नाहीस हे मला कळतंय.

ताई


१४ एप्रिल

प्रिय छोट्या,

रविवारी तू शिक्षिकाबाईंच्या फोनवर फोन केलास आणि बाबांना बोलवायला सांगितलंस. बाई त्यांचा फोन घेऊन आमच्या दारात आल्या तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. मी बाबांच्या हातात फोन दिला आणि दुसऱ्या खोलीत गेले. पण भिंत पातळ आहे, तुला माहीत आहे. बाबा तुझ्याशी कितीतरी वेळ बोलत होते. मध्ये तू कुणी गिऱ्हाईक आहेस असं त्यांना वाटलं, मग परत तू झालास. जहाजाला शिवण असते का असं त्यांनी तुला विचारलं. तू काय सांगितलंस कुणास ठाऊक, पण ते म्हणाले, "म्हणजे जोडकामच. मग आपल्यातलाच आहेस."

त्यानंतर ते मोठ्याने म्हणाले, "तुझी बहीण इथेच आहे, घे," आणि फोन माझ्यापुढे धरून उभे राहिले.

मी घेतला. मग तू म्हणालास, "मी ते वाक्य मागे घेणार नाही."

"घेऊ नकोस."

"तुझं काम गेलं ना?"

"निम्मं."

"मग आता काय करणार?"

मी तुला सांगितलं, एका छोट्या मासिकाने नवा लेख मागितलाय. जुना लेख माझा राहिलेला नाही, पण जे घडलं ते मला वेगळ्या शब्दांत परत लिहिता येतं. या वेळी फॉर्म मी ओळ न ओळ वाचलाय, एकदा छापायचाच हक्क देतेय, फोटो नाही. मला वाटलं होतं, हे ऐकून तुला बरं वाटेल. तू म्हणालास, "आणि बाबांना विचारलंस?"

मी म्हटलं, "छोट्या, त्यांना काय कळणार आहे."

"विचार तरी," तू म्हणालास. "ताई, मला विचारलं नाहीस याचा राग आहेच. पण त्यांना तर तू दोन्ही वेळा विचारलं नाहीस." आणि फोन कट झाला. तू ठेवलास की तुटला, हे मला अजून माहीत नाही.

त्या दिवशी मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मनाला सांगत राहिले की चांगली वेळ बघून विचारू. खरं म्हणजे त्यांनी हो म्हटलं तर तो होकार मोजायचा का, आणि नाही म्हटलं तर तो नकार मोजायचा का, हेच माझं ठरत नव्हतं. तुला माझ्यासारखं वाटणार नाही. तू दूर आहेस. मी रोज त्यांची बटणं लावते, नळ बंद करते, आणि त्याच हातांनी लिहिते. लिहिलं नाही तर या घरात नुसती बटणंच उरतात.

आज सकाळी त्यांचं डोकं स्वच्छ होतं. असे दिवस आता कमी येतात. त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली, चहात साखर कमी आहे म्हणाले. मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं, "बाबा, मी तुमच्याबद्दल मासिकात लिहिलं होतं. तुम्हाला विसरायला होतं, त्याबद्दल. लोकांनी वाचलं."

ते ऐकत होते.

"आता परत लिहिणार आहे. लिहू का?"

त्यांनी कप खाली ठेवला. बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, प्रश्न हरवला. मी उठायला लागले तर म्हणाले, "मला विसरायला होतं हे लोकांना माहीत आहे?"

"हो."

"सगळ्यांना?"

"बऱ्याच जणांना, बाबा."

त्यांनी कप जरा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "नको लिहूस." आवाज चढला नव्हता. गिऱ्हाइकाला ठरलेल्या दिवशी कपडा तयार होणार नाही हे सांगताना ते जसे मान खाली घालायचे, तशी मान खाली घालून म्हणाले, आणि कप परत उचलला.

लेख मागणाऱ्या त्या मासिकाला दुपारीच कळवलं की लेख देऊ शकत नाही. फॉर्मवर अजून सही केली नव्हती. त्यांनी कारण विचारलं. मी लिहिलं, ज्यांच्याबद्दल होता त्यांची परवानगी नाही. तिकडून उत्तर आलं, हरकत नाही, दुसरं काही असल्यास पाठवा. दुसरं काय पाठवायचं ते मला अजून माहीत नाही.

बाबा आता हे विसरलेत. मघाशी त्यांनी विचारलं, "काय लिहितेस?" मी म्हटलं, "छोट्याला पत्र." म्हणाले, "लिही, लिही."

रविवारी फोन कर. शिक्षिकाबाईंना त्रास नको, आपल्याच फोनवर कर. हिरव्या खुणेवर बोट ठेवायचं, एवढं मी बाबांना शिकवतेय. मी उचलणार नाही, तेच उचलतील. जमेपर्यंत दोन-तीनदा कट होईल, तेव्हा कंटाळू नकोस.

तुझी,
ताई